विजयदुर्ग: किल्ल्यामागचं गाव, आणि सोलापूरचा कैदी

भुईकोट

सोलापूरचा किल्ला म्हटलं की आपल्याला बाग, सिद्धेश्वर तलावाचं पाणी आणि रविवारी पोरांचा गोंधळ एवढंच आठवतं. विजयदुर्गाचा शेवटचा आंग्रे याच सोलापुरात कैदेत मेला, हे मी मी म्हणणाऱ्या सोलापूरकरालाही ठाऊक नसतं. तुळाजी आंग्रे, कान्होजींचा मुलगा.

प्रकरण असं. 1749 मध्ये शाहू महाराज गेले आणि तुळाजी पेशव्यांना जुमानेनासा झाला. नानासाहेब पेशव्यांनी 1755 साली मुंबईकर इंग्रजांशी करार केला. कमोडोर जेम्सने आधी सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गासमोर येऊन ठाकलं. जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या रॉबर्ट क्लाइव्ह. हो, तोच प्लासीवाला, प्लासी पुढच्या वर्षीची. तोफा सुरू झाल्या आणि एक गोळा 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला. हे जहाज मूळचं इंग्रजांचंच, आंग्र्यांनी धरून आणलेलं. ते पेटलं, शेजारी खेटून नांगरलेल्या गुराबा आणि गलबतं पेटत गेली, आणि आंग्र्यांचं आरमार लढायच्या आधीच जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हता. बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला आणि तिथेच अडकला. इकडे इंग्रजांनी पेशव्यांना बाजूला सारून किल्ला घेतला, आतली सुमारे दहा लाखांची लूट आपापसात वाटली आणि किल्ला सोडायला टाळाटाळ केली. ऑक्टोबरात बाणकोट पदरात पडल्यावर मग विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. म्हणजे स्वतःचं आरमार जाळून घ्यायला पेशव्यांनी वर किंमतही मोजली. माझं मत कुणाला पटो न पटो, मराठी इतिहासातला याहून घाट्याचा सौदा शोधावा लागेल.

तुळाजीला आधी साताऱ्याजवळ वंदनगडावर ठेवलं, नंतर सोलापुरात आणलं. तो इथेच वारला. त्याची दोन मुलं बारा-चौदा वर्षांच्या कैदेनंतर निसटली आणि आश्रयाला कुठे गेली, तर मुंबईला, इंग्रजांकडे!

पण धागा काढलाय तो विजयदुर्ग या गावासाठी. तिथे जाणारा जो तो किल्ला बघतो, तटावर फोटो काढतो, मासे खातो आणि मालवणची वाट धरतो. गावाकडे कुणी बघत नाही. माझं म्हणणं असं की तिथे मूळ गोष्ट बंदराची आहे, किल्ला त्या बंदराच्या राखणीला बांधलाय. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, भरती बघून आत शिरावं लागतं. वाघोटण खाडीच्या तोंडाला तसा दांडा नाही. मोठं जहाज भर पावसाळ्यातसुद्धा आत येऊन निवांत उभं राहू शकतं. हे शिलाहार भोजाला कळलं, आदिलशाहीला कळलं, शिवाजी महाराजांना कळलं. पर्यटकाला मात्र कुणी सांगत नाही.

तिकडचं कुणी असेल तर लिहा.

---

पार्क_चौक

काय सांगलालास बे! तीस वर्षं किल्ल्यात फिरायला जातोय, तिथल्या एका पाटीवर हे नाव वाचल्याचं आठवत नाही. कैद्याला इतक्या लांब आणायचं कारण काय पण?

---

भुईकोट

लांब होतं म्हणूनच. किनाऱ्याजवळच्या किल्ल्यात ठेवला असता तर रात्रीतून एखादा मचवा लागला असता आणि पाखरू उडालं असतं. आंग्र्यांची माणसं सगळ्या किनाऱ्यावर पसरलेली. सोलापूरच्या आसपास त्याला ओळखणारं कोण होतं? मुलं निसटली तीही सरळ समुद्राकडेच गेली, यावरून काय ते समजा.

---

गिर्ये_सडा

नमस्कार मंडळी. मी मूळचा गिर्ये गावचा, म्हणजे विजयदुर्गाच्या अगदी शेजारचा. नोकरीमुळे सोलापुरात जुळे सोलापूरला राहतो. इंग्रजांच्या जुन्या कागदांत विजयदुर्गाला 'घेरिया' म्हणतात ते आमच्याच गावावरून.

भुईकोट, बंदराचं तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. गावाची रचनाच तशी आहे. एस.टी. उतरते तिथून एका बाजूला किल्ला, एका बाजूला जेटी, मधे बाजाराची एक गल्ली. किल्ला पूर्वी चारी बाजूंनी पाण्यात होता. जमिनीच्या बाजूचा खंदक बुजला आणि तो गावाला चिकटला. घरं जांभ्याची, बरीचशी उतरत्या कौलांची. बंदरावर गाबीत आणि मुसलमान मच्छीमार, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आंबेवाले. एकाच गावात दोन वेगळे हंगाम चालतात. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. तेव्हा बंदरावर शुकशुकाट आणि जाळी विणणाऱ्यांच्या गप्पा. आंब्याचा हंगाम त्याच्या आधीच उरकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोहोराची चिंता सुरू झाली की सडेवाल्यांची झोप उडते.

आमची कलमं कातळावर आहेत, हे घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही. जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डा करायचा, बाहेरून माती आणून भरायची, त्यात कलम लावायचं आणि पहिली काही वर्षं डोक्यावरून पाणी वाहायचं. आमच्या आजोबांच्या पिढीने हे हाताने केलं. आता बागांत राखण करणारे गडी बहुतेक नेपाळी. त्यातले काही आमच्यापेक्षा चांगली मालवणी बोलतात.

आणि गोदी! विजयदुर्गाला गेलेल्या शंभरातल्या नव्वद लोकांनी ती पाहिलेली नसते. किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर खाडीत आत, कातळ फोडून केलेला हौद आहे. लांबी 100 मीटरहून थोडी जास्त. मोठ्या भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, पाणी काढून टाकायचं की जहाज कोरड्यावर. मग खालच्या फळ्या बदला, सांधे भरा, तेल-चुना लावा, आणि पुढच्या मोठ्या भरतीला तोंड उघडून जहाज बाहेर. यंत्र नाही, वाफ नाही. सगळं काम चंद्राच्या हिशेबाने. ओहोटीला तिथे जाऊन उभे राहा. गुडघाभर चिखल, भिंतीवर खालच्या अंगाला कालवं चिकटलेली आणि त्याच्या वर छिन्नीचे घाव अजून दिसतात. पाटी बघायची असेल तर किल्ल्यात जा.

---

शेंगाचटणी

इतिहास ठीक आहे, आमचा मुद्दा पोटाचा. गुढीपाडव्यापासून सोलापुरात प्रत्येक गाड्यावर 'देवगड हापूस' असतो. त्यातला खरा किती? आणि गिर्येकर, जेटीवर मासे घ्यायचे तर कधी जायचं?

---

गिर्ये_सडा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं तर मार्केटमधले लोक मला फिरू देणार नाहीत. एवढंच सांगतो: पेटीत खाली घातलेलं वर्तमानपत्र कन्नड असेल तर आंबाही तिकडचाच. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण गाड्यावर कोण विचारतो.

मासे संध्याकाळी होड्या लागल्यावर. बांगडा, सुरमई, कर्ली, नशीब असेल तर मोठी कोळंबी. लिलावात मधे बोलू नका, भाव तुमच्या अंगावर पडेल. सोलापुरात आपण सुकट, बोंबील घेतो तो माल सगळ्या किनाऱ्यावरून येतो, त्यातून विजयदुर्गचा वेगळा कोण काढणार.

---

कडक_भाकरी

हेलियमचं कुणी लिहिलं नाही अजून! सूर्यावर हेलियम आहे हा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लागला. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण. लॉकयर साहेबाने दुर्बीण ठेवली ते 'साहेबाचे ओटे' किल्ल्यात आजही आहेत. दर वर्षी 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा करतात.

---

तासिका_संपली

शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून यात तोंड घालतो. ग्रहणाची तारीख बरोबर, खग्रास पट्टा आपल्या या भागावरून गेला हेही बरोबर. पण नॉर्मन लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हताच. तो इंग्लंडात होता. 20 ऑक्टोबर 1868 ला त्याने ग्रहणाशिवाय, आपल्या घरच्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यात सोडियमच्या रेषांच्या शेजारी एक वेगळी पिवळी रेषा होती, तीच हेलियमची. फ्रान्सचा जानसेन ग्रहण बघायला आला होता तो आंध्रात गुंटूरला. पृथ्वीवर हेलियम सापडला 1895 मध्ये, रॅम्झीला.

आता सोलापूरकरांसाठी गंमत. त्या ग्रहणाला जॉन हर्शेल (प्रसिद्ध हर्शेल घराण्यातलाच) जमखंडीला होता आणि कॅप्टन हेग विजापूरला. विजापूर आपल्यापासून किती? सकाळी निघून जेवायला परत. तिथल्या निरीक्षणावर कुणी दिन साजरा करत नाही आणि आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात ते नाही. विजयदुर्गकरांनी निदान ओटे तरी जपले.

---

कडक_भाकरी

मग ओटे कशाचे?

---

तासिका_संपली

ओटे आहेत, नावही आहे, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. गावात कुणी साहेब बसून ग्रहण बघत असेल यात अशक्य काहीच नाही, पट्ट्यातच होतं ते. लॉकयरचं नाव मात्र तिथे चिकटवू नये. आणि हेलियम दिन बंद करा असं मी म्हणत नाही हां. त्या निमित्ताने पोरांना वर्णपट कळत असेल तर दर महिन्याला करा.

---

गिर्ये_सडा

सर, गावात हे बोलून दाखवा एकदा. चहा मिळेल, जेवायला कुणी बोलावणार नाही. 😀

---

खाडीवरचो

मी विजयदुर्गातलो, आता मुंबैत. धागो वाचून मजा इली. फक्त एक सांगूचा हा, तुम्ही सगळे तुळाजीवर थांबलास. आमच्या गावात धुळपांचो वाडो हा तो कोणाचो? आंग्रे गेले तरी आरमार संपूक नाय.

(आता सगळ्यांसाठी साध्या मराठीत.) 1756 नंतर पेशव्यांचं आरमार विजयदुर्गातच राहिलं आणि त्याचे सुभेदार धुळप. आनंदराव धुळपांनी एप्रिल 1783 मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं. मराठे आणि इंग्रजांत सालबाईचा तह झालेला होता, त्यामुळे इंग्रजांनी केवढा ओरडा केला. जहाजावर कर्नल हम्बरस्टन, मॅक्लाउड असे मोठे अधिकारी होते. जखमी हम्बरस्टन घेरियात, म्हणजे आमच्या गावात मेला. तुमच्या सोलापुरात आमचा सरखेल मेला, आमच्याकडे त्यांचा कर्नल. हिशेब ज्याचा त्याने करावा.

गिर्येच्या रामेश्वराला जाल तेव्हा कातळ खोदून केलेल्या वाटेने खाली उतरावं लागतं. तिथे संभाजी आंग्र्यांची समाधी आहे, तुळाजीचा थोरला भाऊ. देवळासमोर जहाजाची डोलकाठी उभी आहे, धुळपांनी जिंकलेल्या जहाजाची म्हणून सांगतात. वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार आहे असंही सांगतात. भुयार प्रत्येक किल्ल्याला असतं, तेव्हा ते मी पैज लावून सांगणार नाही.

---

भुईकोट

क्या बात है. हे धाग्यात आलंच पाहिजे होतं. 1818 मध्ये दोन्ही ठिकाणं एकाच वर्षी इंग्रजांकडे गेली. मे महिन्यात मनरोने सोलापूर घेतलं आणि त्याच वर्षी विजयदुर्गही गेला.

आता माझा आवडता मुद्दा मांडतो. लढाया हरून गाव लहान होत नाही. विजयदुर्ग लहान झालं ते रेल्वेने. बंदराला मागचा मुलूख लागतो. वाघोटण खाडीत आत गेलं की खारेपाटण. तिथला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे 1008 सालचा. तेव्हापासून ते नाव कागदोपत्री आहे. खाडीतून माल खारेपाटणला, तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून कोल्हापूर आणि पुढे देशावर. 1860 मध्ये रेल्वे सोलापुरापर्यंत आली. 1877 मध्ये इथे 'जुनी मिल' म्हणतात ती कापडगिरणी निघाली. कापूस आणि कापड मुंबईकडे रुळावरून जाऊ लागलं. आपलं शहर ज्या रेल्वेने वाढलं, तिनेच कोकणातली छोटी बंदरं सुकवली.

---

मालधक्का

भुईकोट, मुद्दा ऐकायला छान, पण ताणलाय. सोलापूरचा माल रेल्वेच्या आधीही विजयदुर्गाला जात नव्हता. बोरघाटातून गाडीरस्ता 1830 मध्येच झाला, देशावरचा माल पनवेलला उतरायचा. विजयदुर्गचा मुलूख कोल्हापूरचा, आणि त्यातही राजापूर हे वरचढ बंदर. शिवाय खारेपाटणची खाडी गाळाने भरत गेली, तो दोष रेल्वेचा कसा? घाटावर जंगल तुटलं, माती खाली आली.

आणि मुंबई वाढली ती फक्त रेल्वेने नाही. आगबोटी निघाल्या तेव्हा सगळा किनारा मुंबईला बांधला गेला.

---

भुईकोट

गाळाचं मान्य. राजापूरचंही. पण कोल्हापूरला रेल्वे मिरजेवरून आल्यावर उरलेला मुलूखही तुटलाच ना? थेट सोलापूरचा माल विजयदुर्गाला जात होता असं मी म्हटलेलंच नाही. बाजाराचं तोंड फिरलं, एवढंच म्हणणं आहे.

---

खाडीवरचो

आगबोटीचा विषय निघाला म्हणून. भाऊच्या धक्क्यावरून सुटली की दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. आमच्या आईकडून ऐकलंय, बोट लांब उभी राहायची आणि पडाव घेऊन जायचे. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी माणसाला हाताला धरून वर खेचायचे, मागून ट्रंक, मागून कोंबडी. बाई माणूस नऊवारीत ते कसं करत असेल देव जाणे. गणपतीला पावसामुळे बोटी बंद, मग घाटातून रडतरखडत एस.टी. घरातला कर्ता मुंबईला गिरणीत, गावात म्हातारी, बायका आणि मनीऑर्डर. मालधक्का म्हणतात ते खरं, गाव मुंबईला बांधलं गेलं. आम्ही अजून बांधलेलेच आहोत.

---

शेंगाचटणी

आमच्याकडे उलटं. तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकातून लोक आले, गिरण्या आणि माग चालले आणि सोलापूर झालं. तुमची माणसं बाहेर गेली, आमच्याकडे बाहेरून आली. गिरण्या दोन्हीकडच्या बंद पडल्या म्हणा.

असो. जायचं कसं ते सांगा, मे महिन्यात बेत आहे.

---

गिर्ये_सडा

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, गगनबावडा. करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, आणि तळेऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आसपास विजयदुर्ग. करूळ बंद असेल तर भुईबावडा घाट. निघण्याआधी चौकशी करा, पावसाळ्यात दरड पडतेच. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं वैभववाडी किंवा राजापूर स्थानक, पण सोलापूरहून तो द्राविडी प्राणायाम होईल.

मे महिन्यात येणार असाल तर किल्ला सकाळी नऊच्या आत उरका. कातळ तापला की सोलापूरचं ऊन बरं वाटेल. घाम वेगळा.

---

पार्क_चौक

सोलापूरच्या उन्हाला नावं ठेवायची नाहीत हां.

किल्ल्यात नेमकं काय बघायचं? आणि पाण्याखालच्या भिंतीबद्दल ऐकलंय.

---

गिर्ये_सडा

तिहेरी तट सावकाश बघा. आतल्या तटाला समुद्राच्या बाजूने गोळ्यांचे घाव आहेत. पश्चिमेच्या बुरुजावरून खाली समुद्र बघितलात की पुढची भिंत कळेल: ती किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी ती पाहिली. शत्रूची जहाजं आपटून फुटावीत म्हणून बांधली असं गावात सांगतात. आंग्र्यांची जहाजं उथळ बुडाची, ती वरून सहज जायची. इंग्रजांच्या खोल बुडाच्या जहाजांना इथे काळजी घ्यावी लागे, हे भिंतीशिवायही खरंच. 1720 मध्ये इंग्रज आले, 1724 मध्ये डच आले, दोघेही हात हलवत परत गेले. भिंत केव्हाची आणि कुणाची यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

---

मालधक्का

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात विजयदुर्ग आहे. त्याचं गावाला काय? आमच्या नात्यातल्या एकाने तिकडे जमीन बघितली, भाव ऐकून घाटावर परत आला.

---

खाडीवरचो

यादीत किल्लो गेलो, गोदी खंय गेली? गावात फलक लागले, सत्कार झाले. पावसाळ्यात तटाचे दगड सुटतात, त्याची डागडुजी व्हायला हवी, ती या निमित्ताने झाली तर उत्तमच. पण किनाऱ्याला लागून हॉटेलं उठायला लागली तर होड्या ओढून ठेवायच्या कुठे? जाळी सुकवायची कुठे? बंदरावरच्या माणसाला तटबंदीपेक्षा ती रेती जास्त लागते. हे गावच्या सभेत बोलायला गेलं की 'विकासाला विरोध' म्हणून गप्प बसवतात.

---

भुईकोट

गोदीचा मुद्दा उचलून धरायला हवा. गोदीशिवाय विजयदुर्ग म्हणजे आरमाराशिवाय आंग्रे.

मी आपल्याकडून एक करणार आहे. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात तुळाजीच्या नावाची पाटी लागावी म्हणून पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहितोय. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा असं वाटतं, किल्ल्यात येणारे निम्मे लोक तिकडचे असतात. मसुदा रविवारी इथेच टाकतो. मालधक्का, तुम्ही तपासून द्या, तुमची खोड तिथे कामाला येईल.

---

मालधक्का

टाका. 'शूर' आणि 'महापराक्रमी' ही विशेषणं आधीच काढून टाका म्हणजे माझं काम कमी होईल.

---

शेंगाचटणी

आणि पाटीवर 'देवगड हापूस' लिहू नका. 😀 गिर्येकर, मेमधल्या पेट्यांचं व्यक्तिगत निरोपात कळवतो.